सत्ताविसावा खण

बोलोन्या, शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

नीवेस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच टोपलीत टाकलं नसशील, तर आधी एवढं वाच. कुणी गेलेलं नाही, कुणी आजारी नाही, आणि आईच्या घराच्या वाटणीचंही काही नाही. मी ओरियानो, तुझा भाऊ. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. एकोणचाळीस वर्षं राहिली आहे. ती कागदावर उतरवल्याशिवाय रविवारी घरी जायचं नाही, असं ठरवून मी इथे आलोय. आज ती लिहून होईल असं मात्र दिसत नाही. तू मला ओळखतेस. भिंत पाडायची असली की मी आधी दिवसभर तिच्याभोवती फिरतो.

इथे म्हणजे बोलोन्यात. तेही हॉटेलात. हस खुशाल. आपल्या बुद्रिओहून अर्ध्या तासाचा रस्ता, चाळीस वर्षं मी ज्या गावात सकाळी सातला जेवणाचा डबा घेऊन गवंडीकामावर आलो, त्याच गावात आता मी दोन रात्रींचा पाहुणा आहे. हे सगळं कात्याचं डोकं. माझी लेक. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती सोळा वर्षांची होती, दातांना तारा लावलेली. मी कामातून मोकळा झालो म्हणून तिने मला ही सहल भेट दिली: शनिवार-रविवार, सकाळची न्याहारी, आणि वर एका बाईबरोबर जुन्या इमारती बघत पायी फेरफटका.

"बाबा, लोक कुठून कुठून विमानं करून हे गाव बघायला येतात," ती म्हणाली. "तू कधी मान वर करून बघितलंयस?"

"चाळीस वर्षं मान वरच होती," मी म्हटलं. "म्हणून तर मानेला पट्टा लागला."

पण आलो. कात्याला नाही म्हणणं मला जमत नाही. आणि खरं सांगायचं तर यायला मला निमित्तच हवं होतं.

खोलीच्या खिडकीतून गावातले ते दोन्ही जुने मनोरे दिसतात. धाकटा फार कलला म्हणून त्याच्याभोवती लोखंडी पेट्यांची भिंत उभी केली आहे, आणि थोरल्यालाही कुलूप आहे. दीड वर्ष झालं, कुणालाच वर जाता येत नाही. खिडकीशी उभा राहून मी पायऱ्या आठवत होतो. तू मोजल्या होत्यास. चारशे अठ्ठ्याण्णव.

मनोऱ्याचा विषय निघालाच आहे तर आईच्या अंत्यविधीचा दिवस आधी उरकून घेतो. आईला पोचवून आपण परत आलो, टेबलावर सगळे जमले, माझ्या पोटात दोन ग्लास वाइन गेली होती. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आमची नीवेस पदवीच्या आधी मनोरा चढली म्हणून पदवी गेली, नाही तर आज इंजिनियर असती!" सगळे हसले. पदवीच्या आधी थोरला मनोरा चढला की पदवी कधीच मिळत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल, तेव्हा हसणारच. तू रुमालाची नीट घडी केलीस, ताटाशेजारी ठेवलीस आणि उठलीस. मला वाटलं पाणी आणायला गेलीस. तू थेट परत कॅनडाला गेलीस. त्यानंतर नाताळचं छापील कार्ड, खाली नुसतं नाव. गेली तीन वर्षं तेही नाही.

तो विनोद मी त्या दिवशी पहिल्यांदा केला नव्हता, हेही मला माहीत आहे. वीस-बावीस वर्षं करत होतो. लग्नात, बारशात, सुतारासमोर, पोस्टमनसमोर. आणि तुला त्या मनोऱ्यावर नेणारा मीच होतो. माझा सव्विसावा वाढदिवस होता. तू पायरीशी अडून बसलीस. म्हणालीस, "ओरी, नको रे. नोव्हेंबरात चढेन ना, डोक्यावर पानांचा हार घालून." मी म्हटलं, "बांधकामाचं इंजिनियरिंग शिकतेस आणि असल्या गोष्टींना घाबरतेस? मग बांध डोक्याला रुमाल आणि बस चर्चमध्ये." मग तू रागाने माझ्या पुढे चढलीस.

हारासाठी आईने अंगणात लॉरेलचं झुडूप वाढवलं होतं, आठवतं? ते आता छपरापर्यंत गेलंय. कात्याला पदवी मिळाली तेव्हा हारासाठी मीच शिडी लावून फांद्या कापल्या. कापताना मला इतकं भरून आलं की खाली उतरून मी डोळ्यात भुसा गेला म्हणून सांगितलं. कात्रीने कापलेल्या फांद्यांचा कुठला भुसा!

तर त्या विनोदाबद्दल माफी मागतो. मनापासून मागतो. पण ही माफी सोपी आहे, म्हणून पहिल्यांदा मागून घेतली. अवघड आहे ती अजून पुढे आहे. आता जेवायला जातो. खाली वाढणारी मुलगी म्हणाली की आपल्या त्या सुपातल्या तोर्तेलिनी संपत आल्यात.

ओरियानो


बोलोन्या, शनिवार, १२ एप्रिल

नीवे,

कालचं पत्र अजून पोस्टात टाकलेलं नाही. तिन्ही एकदमच पाठवीन, म्हणजे मला मध्येच पळ काढता यायचा नाही.

सकाळी दहाला तो फेरफटका निघाला. वाट दाखवणारी मुलगी दक्षिणेतल्या बारी गावची, कानाला माइक, हातात पिवळी छत्री. तोरिनोचं एक निवृत्त जोडपं, दोन शिक्षिका, आणि मी. तिने आम्हाला कमानींच्या पडव्या समजावून सांगितल्या. वरची घरं रस्त्यावर वाढत गेली, खाली खांब आले, घोड्यावर बसलेला माणूस टोपीसकट जाईल एवढी उंची ठेवायचा नियम झाला, जमीन घरमालकाची पण चालायचा हक्क सगळ्या गावाचा. चांगलं सांगितलं पोरीने. एका खांबाला मात्र तिने पाचशे वर्षांचा म्हटलं. तो मी आणि बाबांनी त्र्याऐंशी साली नवा बांधलेला. मी खांबाला हात लावून बघितला. अजून टणक आहे.

"तुम्ही आर्किटेक्ट का?" तोरिनोच्या गृहस्थांनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं. "आर्किटेक्टच्या चुका गिलाव्याखाली झाकणारा."

ते खूप हसले, त्यांनी बायकोलाही सांगितलं. मला मात्र ते बोलून झाल्यावर बरं वाटलं नाही.

मोठ्या चौकात नगरपालिकेच्या भिंतीवर ती जुनी मापं कोरलेली आहेत ना, वीट, कौल आणि बोलोन्याचा फूट, तिथे आम्ही थांबलो. मुलगी सांगत होती की व्यापारी इथे येऊन आपलं माप पडताळून बघायचे. आणि मला दिसलीस तू. कॉरडुरॉयची तपकिरी पँट, केसांत पेन्सिल खोचलेली. दर शनिवारी काम सुरू करायच्या आधी तू त्या दगडाला टेप लावायचीस. मी वैतागायचो, म्हणायचो, हे सातशे वर्षांपूर्वीचं माप आहे, त्याला आपल्या टेपचं काय कौतुक? तू म्हणायचीस, "नमस्कार करतेय समज." तुला टेपचा मधला भाग दगडावर ठेवायची सवय होती. टोक बघितलं असतंस तर.

ते नंतर.

मग मनोऱ्यांपाशी गेलो. मुलीने पदवीची गोष्ट सांगितली. शिक्षिका हसल्या. तोरिनोचे गृहस्थ म्हणाले, "आणि खरंच किती जण नापास झाले असे?"

"एकही नाही," ती म्हणाली. "कारण करून बघायची कुणाची छाती झाली नाही."

"मला एक माहितीय," मी म्हटलं.

परत सगळे हसले. तिथेच मी त्यांचा निरोप घेतला. पाय दुखतात म्हणून सांगितलं. पाय काही दुखत नव्हते. मी तसाच मिरासोले गल्लीत गेलो.

नीवे, माझ्या कोटाच्या एका खिशात नवी टेप आहे आणि दुसऱ्या खिशात तुझी निळी वही. हो, तीच. तू ती फाडलीस असं सगळ्यांना सांगितलं होतंस. आईने ती कचऱ्यातून काढून टेबलक्लॉथच्या कप्प्यात, खाली दडवून ठेवली होती. ती गेल्यावर मला सापडली. सोळा वर्षं माझ्याकडे आहे, आणि आत्तापर्यंत मी ती फक्त दोनदा उघडली. उघडायची हिंमत नव्हती.

गल्ली आहे तशीच आहे. दोन्हीकडे ठेंगण्या, वाकड्या पडव्या, दोन खांबांमधला एक खण दुसऱ्यासारखा नाही. एखादा खांब लठ्ठ, एखादा हडकुळा, कमानींची पोटं खाली आलेली. पदवीच्या प्रबंधासाठी तू एखादी हवेली मोजावीस असं तुझ्या प्राध्यापकांना वाटत होतं. तू म्हणालीस, हवेल्या सगळेच मोजतात, गरिबांच्या पडव्या कोण मोजणार? सत्तावीस खण. शहाऐंशीचा वसंत, सात शनिवार आणि सात रविवार. तू टेपची डबी धरून आकडा वाचायचीस आणि वहीत लिहायचीस, मी पलीकडे टोक धरायचो. तू म्हणायचीस "धर", मी म्हणायचो "धरलं". दुपारी चर्चच्या पायरीवर मोर्तादेल्लाचं सँडविच खायचो आणि तू मला सांगायचीस की बाबांसारख्या माणसांनी, ज्यांना सही धड करता येत नव्हती, त्यांनी हे सगळं कसं उभं केलं. मला वाटायचं, ही माझ्याबद्दलच बोलतेय. मी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी काम केलं, लग्न केलं, लेक झाली, सुखात आहे. पण त्या चौदा दिवसांइतका मी कधी कुणाच्या कामाचा माणूस नव्हतो. त्या दिवसांसाठी माझा जीव अजून तुटतो.

मी एका टोकाला वीट ठेवून टेप अडकवायचा खटाटोप करत होतो, तेवढ्यात पडवीतून आवाज आला.

"पालिकेचे का तुम्ही? ती पायरी पुढे आलीय ती माझ्या नवऱ्याने केली. तो वारला. मला विचारू नका."

खुर्ची टाकून एक म्हातारी बसली होती. नाव आर्जिया, वय एक्क्याऐंशी, साठ वर्षं शिवणकाम केलेलं, जन्म याच गल्लीतला.

"पालिकेचा नाही हो. मी असाच."

"असाच कुणी टेप घेऊन फिरत नाही. द्या इकडे दुसरं टोक. नाही तर संध्याकाळपर्यंत त्या विटेशी भांडत बसाल."

मग आम्ही मापायला लागलो. तुझी वही खांबाच्या चौथऱ्यावर उघडी ठेवली. पहिला खण, दुसरा खण. तिसऱ्या खणाला आर्जियाबाई असं काही बोलल्या की मला त्यांच्याच खुर्चीवर बसावं लागलं. त्यांनी मला पाणी आणून दिलं, आणि नंतर पाणी पुरणार नाही म्हणून लिक्वर.

त्या काय बोलल्या ते उद्या लिहितो. नक्की लिहितो. आईची शपथ.

ओरियानो


बोलोन्या, रविवार, १३ एप्रिल

नीवे,

आर्जियाबाई म्हणाल्या, "अहो, तुमचा अंगठा दहावर आहे."

मी खाली बघितलं. खरंच होता. नवी कोरी टेप, टोकाला चांगली पोलादी आकडी, तरी मी खांबाच्या कोपऱ्यावर टोक न ठेवता दहाचा आकडा ठेवून वर अंगठा दाबला होता. मला कळलंही नव्हतं.

"गवंडी तसंच धरतात," मी म्हटलं.

"मग वाचणाऱ्याला सांगतात तरी का? मी असं मापलं असतं तर या गल्लीतल्या सगळ्या नवरदेवांच्या पँटी जमिनीवर लोळल्या असत्या."

तुला आता कळलं असेल. तू माझ्यापेक्षा नेहमीच चटकन समजायचीस. तरी मला सगळं लिहू दे. मी हे कधीच कुणाला सांगितलेलं नाही, बायकोला, मिलेनाला नाही, पाद्र्यालाही नाही.

शहाऐंशी साली माझ्या टेपची आकडी तुटलेली होती. भिंतीशी धरायचं असलं की टोक नुसतं दाबलं तरी चालायचं. पण खांबांचे कोपरे घासून गोल झालेले, तिथे ते ठरायचं नाही. मग मी कामावर जसं करतो तसं करायचो. दहाचा आकडा कोपऱ्यावर ठेवायचा, अंगठा उभा दाबायचा, आणि वाचणाऱ्याने दहा वजा करायचे. कामावर हे कुणी कुणाला सांगत नाही. अंगठा उभा दिसला की समोरचा समजतो. पहिल्या दिवसापासून समजतो. बाबांनी मला वीट घासायला शिकवलं, ओळंबा धरायला शिकवलं, पण टेप कशी धरायची ते शिकवलं नाही, कारण ते शिकवावं लागतं असं कुणाला वाटतच नाही. आणि तू गवंडी नव्हतीस. तू पलीकडे वहीत डोकं घालून उभी होतीस आणि दिसेल तो आकडा लिहीत होतीस.

म्हणून मी भिंतीशी उभा असलो की माप बरोबर, खांबाशी उभा असलो की दहा सेंटिमीटर जास्त. कधी असं, कधी तसं. त्यात काही मेळ दिसायला जागाच नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूने ऐक. मे महिन्यात प्राध्यापकांनी आपला सहायक पाठवून तीन खण पडताळले. एक बरोबर, दोन चूक. आणि त्यांनी वर्गात सगळ्यांसमोर विचारलं, "आकडे गल्लीत जाऊन घेता की घरी बसून?" तू शुक्रवारी घरी आलीस. तुझ्या पुढ्यातलं सूप तसंच गार झालं. आई, बाबा, मी, सगळे टेबलाशी. मी विचारलं, "कुठले चुकले?"

तू म्हणालीस, "नववा आणि चौदावा. खांब ते भिंत. दहा-दहा सेंटिमीटर."

नीवे, मला तिथेच कळलं. चमचा तोंडाशी असताना कळलं. एक वाक्य बोलायचं होतं. "अगं, मी दहावर धरत होतो." एवढंच. प्राध्यापकांना तू सोमवारी सांगितलं असतंस, पुढच्या शनिवारी सगळं दुरुस्त झालं असतं, आणि नोव्हेंबरात त्या झुडपाची पानं तुझ्या डोक्यावर असती. मी ते वाक्य बोललो नाही. समोर बाबा बसले होते. माझ्या बाबतीत ते कायम एकच म्हणायचे, याला टेप धरायला उभा करा, दुसरं काही येत नाही. तेवढंही मला आलं नाही, हे त्यांच्यासमोर माझ्या तोंडून निघेना. मी सूप संपवलं.

दुसऱ्या दिवशी तू नवी टेप विकत आणलीस आणि आपण परत मिरासोलेत गेलो. वाटेत बोलायचं ठरवलं होतं. बोललो नाही. त्या दिवशी मी प्रत्येक खणाला टोक धरलं. मुद्दाम, काळजीने, शून्यावर. आणि तुझे नवे आकडे वहीतल्या जुन्या आकड्यांशी एकाआड एक जुळेनात. नऊ खण झाले आणि तू वही मिटलीस. पायरीवर बसलीस. म्हणालीस, "ओरी, मला साधे आकडेसुद्धा वाचता येत नाहीत."

तेव्हा तरी. तेव्हा तरी माणसाने बोलावं की नाही? मी म्हटलं, "तो मनोरा बाधला तुला." मला वाटलं तू हसशील. तू वर बघितलंस आणि म्हणालीस, "मग तूच नेलंस मला वर."

ते मी झडप घालून धरलं. मनोऱ्याचा दोष मला हवाच होता. तो सगळ्यांना सांगण्यासारखा होता, हसण्यावारी नेण्यासारखा होता. लग्नात, बारशात, पोस्टमनसमोर मी तो विनोद इतक्या वेळा का करायचो ते तुला आता कळेल. गिलावा वाळला की भेग दिसते, म्हणून मी परत परत वरून हात फिरवत होतो.

मी स्वतःला सांगायचो, सोमवारी सांगू, सुट्टी संपली की सांगू. सप्टेंबरात तू कॉलेजात परत गेलीच नाहीस. फेब्रुवारीत तू मावशीकडे कॅनडात, हॅमिल्टनला गेलीस, दाताच्या दवाखान्यात लोकांची नावं लिहून घ्यायला. आणि आता जे लिहितो ते सगळ्यात वाईट. त्या उन्हाळ्यात मी गप्प राहिलो त्याला बाबांची भीती हे एकच कारण नव्हतं. शिकलीस की तू मिलानला जाशील, कुठे कुठे जाशील, हे मला दिसत होतं. मला वाटलं, पदवी नाही मिळाली तर ही घरी येईल. बुद्रिओत राहील, शनिवारी माझ्याबरोबर बाजारात येईल. तुला जवळ ठेवायला मी गप्प बसलो, आणि तू समुद्रापलीकडे गेलीस. मला त्याची शिक्षा मिळाली म्हणून सांगत नाही. शिक्षा तुलाच मिळाली. मला फक्त तुझी वाट बघावी लागली.

आता वहीचं सांगतो.

काल दुपारभर आणि आज प्रार्थना झाल्यावर आर्जियाबाई आणि मी मिळून सव्वीस खण मोजले. त्यांनी खुर्चीवरच्या उशीसकट माझ्याबरोबर गल्ली पालथी घातली. कुणी हटकलं की म्हणायच्या, "बाजूला व्हा, इंजिनियरबाईंचं काम चाललंय." कोण इंजिनियरबाई विचारलं की म्हणायच्या, "कॅनडात असतात."

वही उघडून बघ, नीवे. प्रत्येक खणाच्या चित्रात, जिथे मी उभा होतो तिथे तू एक छोटं गोल काढलं आहेस आणि शेजारी "ओरी". मला आठवत नव्हतं. कदाचित तुलाही आठवत नसेल. सव्वीसपैकी पंधरा चित्रांत ते गोल खांबाशी आहे. त्या पंधराही ठिकाणी माप नेमकं दहाने जास्त आहे. अकरा ठिकाणी गोल भिंतीशी आहे, तिथे एका सेंटिमीटरचाही फरक नाही. मी आजचे आकडे लाल पेन्सिलीने शेजारी लिहिले आहेत. तू स्वतः ताडून बघ. माझ्या शब्दावर विसंबू नकोस, तेवढा हक्क मी ठेवलेला नाही.

तू एकही आकडा चुकीचा वाचला नव्हतास. एकही नाही.

आर्जियाबाईंनी पानं बघितली, दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बाईचा हात सरळ आहे. मी हिला शिवायला ठेवली असती." साठ वर्षं लोकांची मापं घेतलेल्या बाईचं हे सर्टिफिकेट आहे, प्राध्यापकाचं नसलं तरी.

आज ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये सगळ्यांना ऑलिव्हच्या डहाळ्या वाटल्या. बाईंनी आपली डहाळी मोडून अर्धी मला दिली. म्हणाल्या, "ज्याच्याशी भांडण असेल त्याला आजच्या दिवशी द्यायची असते. ठाऊक आहे ना, की गवंड्यांना तेही सांगावं लागतं?" नवव्या खणाच्या पानात ठेवली आहे. कॅनडाच्या कस्टमवाल्यांनी काढून घेतली तर पानावर हिरवा डाग तरी राहील.

वही उद्या सकाळी या तीन पत्रांबरोबर रजिस्टरने पाठवतो. ती तुझी आहे. रागावलीस तर रागाव, मला फोन करून शिव्या दे, वकिलाकडून दे, कात्याला सांग तुझा बाप कसा आहे ते. तिला मी स्वतः आज संध्याकाळी सांगणार आहे. ती स्टेशनवर घ्यायला येतेय. तुझी भाची आहे ती, आणि आत्या कशी हसते ते तिला ठाऊक नाही.

शेवटचा खण मात्र राहिला आहे. गल्लीच्या टोकाचा, जिथे पडवी वळते आणि कमान जवळजवळ डोक्याला लागते. बाई म्हणाल्या, "एवढा एकच आहे, उरकून टाका की." मी टेप गुंडाळून खिशात घातली.

तो खण मोजायला तू हवीस. ऑक्टोबरात ये, पुढच्या वर्षी ये, जमेल तेव्हा ये. मनोऱ्याला कुलूप आहे, तिकडे तुला कुणी नेणार नाही. वही तू आण, टेप मी आणतो. तू "धर" म्हण. मी शून्यावर धरतो.

तुझा
ओरी